वाचक विचारतात: लहानग्यांचं खाणं, पिणं आणि पोट साफ होणं

गेल्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं मुलांच्या पोटाबद्दलची आहेत. काय भरवायचं, किती भरवायचं, आणि जे आत गेलं ते नीट बाहेर का पडत नाही. त्यातली आठ इथे घेतली आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

मुलगी साडेसात महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं सुरू केलं. सासूबाई मुगाच्या डाळीचं वरचं पाणी आणि तांदळाची गाळलेली पेज देतात. ती आवडीनं पिते, पण दीड महिन्यात वजन जेमतेम 150 ग्रॅम वाढलं. अंगावरचं दूध चालू आहे. काय चुकतंय? (कोल्हापूरहून एक आई)

डाळीच्या पाण्यात डाळ नसते, चूक तेवढीच आहे. शक्ती आणि प्रथिनं तळाला बसलेल्या डाळीत राहतात, वर येतं ते पिवळं पाणी. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 30 मि.ली. मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट 200 मि.ली.मध्ये भरतं. ते पाण्यानं भरलं की भूक मरते आणि अंगावरचं दूधही कमी ओढलं जातं. या वयात महिन्याला साधारण 300 ग्रॅम वजन वाढायला हवं, म्हणून आजपासूनच बदल करा.

अन्न किती घट्ट असावं हे चमच्यावर कळतं. चमचा तिरका केल्यावर ते ओघळून गेलं तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं आणि हळूच घसरलं तर बरोबर.

रोजच्यासाठी खिमट करा. तांदूळ दोन वाट्या, मुगाची डाळ एक वाटी. दोन्ही वेगवेगळे धुऊन सुती कापडावर सावलीत खडखडीत वाळवा. मंद आचेवर भाजतानाही वेगवेगळेच भाजा, कारण तांदूळ फुलेपर्यंत डाळ करपते. अर्धा चमचा जिरं घालून मिक्सरमधून बारीक रव्यासारखं काढा. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच करा, दमट हवेत त्याला लगेच कुबट वास येतो. शिजवताना दोन मोठे चमचे खिमट आधी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. साधारण 150 मि.ली. पाणी लागेल. ढवळत दहा मिनिटं शिजवा आणि वरून एक लहान चमचा तूप घाला. तेवढ्या तुपातून सुमारे 45 कॅलरी मिळतात, पोटात जागा मात्र अडत नाही.

निवल्यावर खिमट आळतं आणि मग घरात पुन्हा पाणी ओतलं जातं. त्यावर मोडाच्या नाचणीचा उत्तम उपाय आहे. नाचणी 10 ते 12 तास भिजवा, कापडात बांधून 24 ते 36 तास मोड येऊ द्या, उन्हात वाळवा, मोड चोळून काढून टाका आणि दळा. दळण्याआधी भाजू मात्र नका. मोड येताना पिष्ठ विरघळवणारं जे द्रव्य तयार होतं, ते भाजल्यावर नष्ट होतं आणि सगळी मेहनत वाया जाते. खिमट शिजवून खाली उतरवा, बोट जेमतेम सोसेल इतकं निवलं की अर्धा चमचा हे पीठ घालून ढवळा. पाच मिनिटांत ते पाण्याशिवाय सैल पडतं. पीठ कच्चं असतं, म्हणून पुन्हा एक उकळी काढायला विसरू नका.

आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, शिवाय एक-दोन वेळा मधलं खाणं. ही वाटी 250 मि.ली.ची आहे. आपल्या घरातल्या वाट्या बहुधा लहान असतात, तेव्हा एकदा मापून घ्या. खिमटाबरोबर शिजवून कुस्करलेली भाजी आणि फळ हवं. घरात चालत असेल तर अंड्यातला पूर्ण शिजलेला बलकही द्या. मीठ, साखर, गूळ वर्षापर्यंत नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवूही नका, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला अंग लुळं पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. उगाळलेली बाळगुटीही बंद करा. सहाणेवर किती उगाळलं गेलं हे मोजता येत नाही, आणि सहाण रोज उकळली जात नाही.

खिमट हा सासूबाईंच्याही लहानपणचा पदार्थ आहे. तो त्यांनाच करायला सांगा. महिन्यानं वजन करा. तरीही वाढलं नाही तर डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मुलगा 20 महिन्यांचा, वजन 10 किलो 400 ग्रॅम. आम्ही दोघं नोकरीला, आजी-आजोबा सांभाळतात. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, एकेक जेवण तासभर चालतं, घास गालात धरून बसतो. वर्षाचा होईपर्यंत छान खायचा. (ठाण्याहून एक बाबा)

माता-बाल संरक्षण कार्डातल्या तक्त्यावर हे वजन मधल्या रेषेच्या थोडं खाली, पण हिरव्या पट्ट्यात येतं. मुलगा उपाशी नाही. पहिल्या वर्षात बाळ सहा-सात किलो वाढतं, दुसऱ्या वर्षात अडीच किलोच्या आसपास. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला की भूकही उतरते. घरच्यांना मात्र अकराव्या महिन्यातली वाटी आठवत असते, आणि ती संपवण्यासाठी मोबाइल येतो.

मोबाइलसमोर मूल घास बघत नाही, चव घेत नाही, पोट भरल्याची खूण ओळखत नाही. घास गालात राहतो तो चावायचंच विसरल्यामुळे. दोन वर्षांखाली पडदा नकोच, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे.

मोबाइल हळूहळू कमी करायच्या भानगडीत पडू नका. शनिवारी तुम्ही दोघं घरी असताना एकदम बंद करा. त्याला तुमच्या पंगतीत बसवा. ताटलीत दोन चमचे भात-वरण, पोळीचे चार तुकडे, चिमूटभर भाजी, एवढंच वाढा. भरलेली ताटली बघूनच मूल तोंड फिरवतं. हातानं खाऊ द्या, खाली जुनी चादर अंथरा. 25 ते 30 मिनिटांनी न रागावता ताटली उचला. मग पुढच्या खाण्यापर्यंत, म्हणजे अडीच-तीन तास, पाण्याशिवाय काही नाही. बहुतेक घरी हे याच ठिकाणी फिसकटतं. जेवला नाही म्हणून अर्ध्या तासात बिस्किट किंवा दूध येतं, आणि न जेवता बिस्किट मिळतं हे मूल शिकतं. पहिले दोन-तीन दिवस तो रडेल, कमी खाईल. निरोगी मुलाला त्यानं काही होत नाही.

काय आणि केव्हा हे मोठ्यांनी ठरवायचं, किती ते मुलानं. नवी भाजी दहा-पंधरा वेळा ताटलीत यावी लागते, दोनदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नाही. आजी-आजोबांना हे फोनवर सूचना म्हणून सांगू नका. पहिले दोन दिवस स्वतः करून दाखवा. उपाशी नातू बघण्याचं दडपण त्यांच्यावर तुमच्याहून जास्त असतं.

मुलगी अडीच वर्षांची. दिवसाला पाच बाटल्या म्हशीचं दूध, साधारण लिटरभर. जेवण नाहीच. भिंतीचा पोपडा आणि माती खाते. हिमोग्लोबिन 8.6 आलं. लोहाचं औषध सुरू केलं तर दात काळे पडले. औषध थांबवू का? (नाशिकहून एक आई)

औषध थांबवू नका. लोह दातांवर बसतं, तो डाग वरवरचा असतो आणि निघतो. औषध पिचकारीनं जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा, रात्री दात घासा. शीही काळी होईल, त्यानं घाबरू नका.

या वयात हिमोग्लोबिन किमान 11 हवं. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांना रक्तक्षय होता. तुमच्याकडे त्याचं मोठं कारण दूध आहे. दुधात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही अडवतं. त्यात म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे पोट तासन् तास भरलेलं. माती खाणं हे वाईट वळण समजून चापट मारू नका. लोह कमी असलेल्या मुलांना असं काहीबाही खायची ओढ लागते, लोह भरून आलं की ती बहुधा जाते. पोपड्यात जुना रंग असेल तर त्यातून शिसं पोटात जातं, म्हणून तिला आधी त्या भिंतीपासून दूर ठेवा आणि हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

दिवसाचं दूध 400 मि.ली.वर आणायचं आहे. पहिल्या आठवड्यात जेवणाआधीच्या दोन बाटल्या बंद करा. दुसऱ्या आठवड्यात दिवसाचं दूध पेल्यातून द्या, बाटली फक्त रात्रीची. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या बाटलीतलं दूध दर दोन रात्रींनी 30 मि.ली.नं कमी करा, मग बाटलीच घरातून हलवा. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, तेही यानं टळेल. पाणी मिसळून दूध वाढवू नका, पोट तेवढंच भरतं.

लोहाचं औषध दुधाबरोबर किंवा चहाबरोबर नको. चहात बुडवलेलं बिस्किट या वयात देऊच नका. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा पेरू-संत्र्याबरोबर लोह चांगलं शोषलं जातं. जेवणात लाल माठ, अळिवाची खीर (दूध कमी, नारळाचं दूध जास्त), बाजरीची भाकरी लिंबू पिळलेल्या आमटीत कुस्करून. खात असाल तर कलेजी, मटण, अंडं, यांतलं लोह भाजीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं. गुळाच्या खड्यानं रक्त वाढतं हा समज सोडून द्या. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी पुन्हा तपासा, आकडा एकनं तरी वाढला पाहिजे. आकडा जागेवर आल्यावरही औषध दोन-तीन महिने चालू राहतं, साठा भरायचा असतो.

मुलगा तीन वर्षं चार महिन्यांचा. पाच-सहा दिवसांनी शी होते. पडद्यामागे जाऊन टाचा उचलून उभा राहतो, लाल होतो, खूप जोर लावतो पण होत नाही. सिरपनं आठ दिवस बरं वाटतं, बंद केलं की पुन्हा तेच. आता महिनाभर दिवसातून चार-पाचदा चड्डी खराब होते. विचारलं तर "मला कळलंच नाही" म्हणतो. बालवाडीतून तक्रार आली. रागाच्या भरात दोनदा मारलंही. माझी आई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी घालते. (नागपूरहून एक बाबा)

"मला कळलंच नाही" हे तो खरं सांगतोय. या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

पडद्यामागचं दृश्य नीट बघा. शी करायची असती तर तो गुडघे वाकवून बसला असता. तो टाचा उचलतो, पाय ताठ करतो, एकमेकांवर घट्ट दाबतो, ढुंगण आवळतो. हा जोर शी बाहेर काढण्याचा नाही, आत धरून ठेवण्याचा आहे. कळ येते, तो आवळतो, दोन-तीन मिनिटांत कळ ओसरते आणि तो खेळायला जातो. त्याच्या दृष्टीनं संकट टळलेलं असतं.

याची सुरुवात बहुधा एका कडक शीनं होते. तापानंतर, दूध वाढल्यावर, शाळा सुरू झाल्यावर, किंवा पॉटीवर बसायची सक्ती झाल्यावर. कडक खडा बाहेर येताना गुदद्वाराला बारीक चीर पडते, आग होते. मूल ठरवतं, पुन्हा नको. थांबवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी मोठा आणि कडक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असे महिने गेले की गुदाशय ताणून पिशवीसारखा होतो आणि भरल्याची जाणीव बोथट होते. मग वरची पातळ शी खड्याच्या कडेनं गळत राहते. चड्डी खराब होते ती अशी. तो आळशी नाही, खोटारडा नाही. पुष्कळ घरांत या गळतीला जुलाब समजून नेमकं या वेळी औषध बंद केलं जातं आणि गाडी पुन्हा मूळपदावर येते.

उपचाराचे दोन भाग आहेत आणि क्रम बदलून चालत नाही. आधी साठलेलं काढायचं. यासाठी डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मोठ्या मात्रेत तीन ते सहा दिवस देतात, साधारण वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम. नेमकी मात्रा पोट तपासूनच ठरते. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, म्हणून पाकिटावर लिहिलेलं पूर्ण पाणी घालूनच द्या. दोन घोटांत उरकली तर काम करत नाही. या दिवसांत शी भरपूर होईल, गळेल, चड्ड्या बदलाव्या लागतील. शाळेला सुट्टी असेल असे दिवस निवडा. खडे संपून पातळ, स्वच्छ शी येऊ लागली की पहिला भाग झाला. तो होण्याआधी कोंडा, इसबगोल, फळं यांचा मारा करू नका. वाट अडलेली असताना मागून माल वाढवला की पोट फुगतं आणि दुखतं.

दुसरा भाग लांबलचक आणि कंटाळवाणा आहे, पण बरं होणं त्यावरच अवलंबून आहे. तेच औषध कमी मात्रेत रोज, निदान दोन महिने, बहुतेकांना त्याहून बरंच जास्त. रोज किंवा दिवसाआड मऊ, न दुखणारी शी सलग महिनाभर झाल्यावरच मात्रा हळूहळू उतरवायची. ताणलेला गुदाशय आक्रसायला आणि मुलाच्या मनातून दुखण्याची भीती जायला एवढा वेळ लागतो. आठ दिवसांच्या सिरपनं तुमच्याकडे दर वेळी अर्ध्यातच उपचार थांबला. या औषधाची सवय लागते ही भीती सगळ्यांना असते, पण तशी सवय लागत नाही.

देठ, साबणाची कांडी, तेलाचं बोट, सगळं आजच बंद करा. त्यानं एखादी शी होते, पण जिथे आधीच चीर आहे तिथेच दुखतं आणि मूल आणखी आवळायला शिकतं. आईंना सांगताना या चिरेबद्दल सांगा, म्हणजे पटेल.

बसण्याची सवय औषधाइतकीच महत्त्वाची. जेवणानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून सकाळच्या आणि संध्याकाळच्या खाण्यानंतर 15 ते 30 मिनिटांनी पाच मिनिटं बसवायचं. कमोड असेल तर लहान मुलांची बैठक लावा आणि पायाखाली पाट ठेवा. पाय लोंबकळत असले की पोटाला जोर देता येत नाही. गुडघे कमरेच्या थोडे वर आले पाहिजेत, पाट कमी उंच असेल तर दोन ठेवा. भारतीय बैठकीचा संडास असेल तर दोन पावठ्यांमधलं अंतर या वयाला जास्त पडतं, पडायच्या भीतीनं मूल आकसतं. तिथे वर्षभर पॉटीच बरी. बसल्यावर फुगा किंवा साबणाचे फुगे फुंकायला द्या, फुंकताना पोटाचे स्नायू आपसूक खाली दाबतात. बक्षिसाचा तारा बसल्याबद्दल लावा, शी झाल्याबद्दल नाही. शी होणं अजून त्याच्या हातात नाही. पॉटीला फारच घाबरत असेल तर काही आठवडे डायपरमध्ये करू द्या, आधी दुखणं थांबू दे.

साठलेलं निघाल्यावर आहार. दूध 400 मि.ली.पर्यंत. पपई, बियांसकट पेरू, रात्री भिजवलेल्या आठ-दहा काळ्या मनुका चिरून, ज्वारीची भाकरी, सालाच्या डाळी. मैद्याची बिस्किटं, टोस्ट, नूडल्स घरात आणूच नका. पाणी दर दोन तासांनी अर्धा पेला, समोर ठेवून. बालवाडीच्या ताईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, एक जादा चड्डी पिशवीत ठेवा, आणि वर्गासमोर न बोलता बदलायला सांगा. शाळेत शी धरून ठेवणारी मुलं पुष्कळ असतात.

जन्मल्यावर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, पोट खूप फुगतं, हिरवी उलटी होते, वजन उतरतं, किंवा पाय लटपटतात, यांतलं काही असेल तर हे साधं बद्धकोष्ठ नाही. लगेच दाखवा.

मारल्याबद्दल त्याला सांगा की बाबांचं चुकलं, तुझं पोट आजारी होतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला हे कळतं.

बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावरचं दूध. सहा दिवस शी नाही. हसतं-खेळतं. एनिमा द्यावा का? (रत्नागिरीहून एक आई)

नको. पहिल्या महिन्यानंतर फक्त आईचं दूध पिणारी काही बाळं आठ-दहा दिवसांनी शी करतात. झाली ती मऊ असेल, बाळ पीत असेल, दिवसात सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर काही करू नका. पोट टणक फुगलं किंवा उलट्या झाल्या तर मात्र वाट बघू नका.

मुलाला (14 महिने) जुलाब झाले. ओआरएसच्या मोठ्या पाकिटातली चमचाभर पावडर बाटलीत घालून देत होते. लगेच उलटी करायचा. शेजारी म्हणतात खाणं बंद ठेवा. (परभणीहून एक आई)

20.5 ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं पाकीट 200 मि.ली.साठी. चमचाभर पावडर बाटलीत हे माप बरोबर येऊच शकत नाही. क्षार जास्त झाले की तहान आणि उलटी वाढते, शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. कमी झाले तर उपयोग नाही. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यानं भरा, अख्खं पाकीट एकदम घाला. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या, त्याचा मोह धरू नका. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. खोक्यातली गोड पेयं, ग्लुकोज, थंड पेयं याच्या जागी चालत नाहीत, साखरेनं जुलाब वाढतात.

दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मि.ली. बाटलीनं नको, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. घाईघाईत पाजलं की उलटी, हे जवळपास ठरलेलं. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट लहान चमचे आणि मीठ अर्धा सपाट लहान चमचा. मीठ त्याहून वर जाऊ देऊ नका.

खाणं बंद नको. मऊ भात-वरण, ताक-भात, खिमट, केळं, आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. जस्ताची (झिंकची) 20 मि.ग्रॅ.ची गोळी रोज एक, 14 दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा. जुलाब बांधणारी औषधं लहान मुलांना देऊ नका, त्यांनी आतडं मंदावतं. शीत रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास शू नाही, मूल मलूल किंवा काहीच पीत नाही, अशा वेळी थेट दवाखाना.

लेक कॅनडात असते. आठ महिन्यांच्या नातवाला ती हातात गाजराचे, भोपळ्याचे तुकडे देते. तो ओकारी काढतो, माझा जीव वर येतो. पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी जाते आहे. (सांगलीहून एक आजी)

ओकारी आणि घशात अडकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओकारीत आवाज येतो, चेहरा लाल होतो, जीभ पुढे येते, घास स्वतःच बाहेर पडतो. ती बाळाची राखण आहे. खरंच अडकलं की आवाज बंद होतो. खोकला नाही, रडू नाही, ओठ निळसर पडतात.

तुकडे दोन बोटांत सहज चिरडले गेले पाहिजेत आणि बोटाएवढे लांब असावेत, म्हणजे मुठीतून वर येतात. शिजलेलं गाजर, भोपळा, बटाटा, पिकलेलं केळं, धिरड्याचा पट्टा चालेल. बाळ ताठ बसलेलं आणि मोठं माणूस समोर, गाडीत किंवा झोपवून कधीच नाही. दहा महिन्यांपर्यंत सगळं वाटूनच दिलं तर पुढे चावायला मुलं कुरकुरतात, तेव्हा लेकीचं चुकत नाही.

तुमची भीती दुसरीकडे वळवा. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, सफरचंदाची कच्ची फोड, सीताफळाच्या बिया, चिंचोके. अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंत नको. पातळ कालवलेलं कूट चालतं. द्राक्ष उभं चार भाग करून. आणि बोरन्हाण. आपण कौतुकानं बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, शेंगा, गोळ्या ओततो आणि ते नेमकं उचलून तोंडात घालतं. त्यात चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ठेवा, बाकीचं मोठ्या मुलांच्या हातात द्या.

वर्षाखालच्या बाळाच्या घशात अडकलं तर त्याला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. आलटून-पालटून करत राहा आणि दुसऱ्या कुणाला फोन लावायला सांगा, तिथे 911, इथे 108. दिसत नसताना घशात बोट घालू नका, घास आणखी आत जातो. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या.

मुलगी चार वर्षांची, रात्री दात खाते. सगळे म्हणतात जंत झाले. दर महिन्याला औषध द्यावं का? (धुळ्याहून एक आई)

दात खाणं ही जंतांची खूण नाही. या वयातली पुष्कळ मुलं झोपेत दात खातात आणि ते आपोआप कमी होतं. दर महिन्याला औषध नको. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. दोन वर्षांवरच्यांना 400 मि.ग्रॅ., एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. गोळी चावून किंवा चुरून द्या, अख्खी गिळायला लावू नका.

रात्री शीच्या जागी खाज सुटत असेल तर झोपल्यावर दोन तासांनी टॉर्चनं बघा. पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे सेंटिमीटरभर जंत दिसले तर डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. अंडी नखांत आणि चादरीवर राहतात. औषधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, नखं कापणं, आणि चड्ड्या-चादरी न झटकता गरम पाण्यात.